एजफिल्डचे रांजण

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात, जॉर्जिया राज्याशी सीमा आखणाऱ्या सव्हाना नदीच्या पूर्वेला, एजफिल्ड नावाचे लहानसे गाव आहे आणि इटलीच्या मृत्तिकाकलेच्या इतिहासात फाएन्झा, देरूता किंवा उर्बिनो या गावांची नावे ज्या आदराने घेतली जातात, तोच आदर अमेरिकी कुंभारकामाचे अभ्यासक एजफिल्डला देतात. साम्य मात्र तेवढ्यापुरतेच आहे. इटलीच्या गावांतील कारागीर स्वतंत्र होते, आपापल्या कार्यशाळा चालवत होते आणि सरदार-दरबारांच्या मागणीनुसार ताटे व सुरया रंगवत होते. उलट एजफिल्ड परिसरात 1810 नंतरच्या दशकात सुरू झालेल्या आणि 1865 पर्यंत भरभराटीला आलेल्या कारखान्यांत माती खणणारे, चाक फिरवणारे आणि भट्टी पेटती ठेवणारे बहुतेक लोक गुलाम होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांनी घडवलेले रांजण जसे मालकाचे होते तसे ते स्वतःही मालकाचेच होते. या परिसराचे वर्णन दीर्घकाळ ग्रामीण हस्तकलेचे केंद्र असे केले गेले, परंतु उत्खननातून आणि भांड्यांच्या अभ्यासातून पुढे आलेले चित्र मळ्यांच्या अर्थव्यवस्थेला पुरवठा करणाऱ्या, मोठ्या भांडवलाच्या आणि सक्तीच्या श्रमांवर चालणाऱ्या उद्योगाचे आहे.

हा उद्योग इथेच का उभा राहिला याचे पहिले उत्तर भूगर्भात आहे. अपलाचियन पर्वताच्या पायथ्याचे कठीण खडक जिथे संपतात आणि अटलांटिक किनाऱ्याचे मऊ, वालुकामय मैदान जिथे सुरू होते, त्या सीमारेषेला भूगोलात ‘फॉल लाइन’, म्हणजे धबधब्यांची रेषा म्हणतात, कारण डोंगराकडून येणाऱ्या नद्या या रेषेवर एकदम खाली उतरतात. या रेषेलगत केओलिनचे, म्हणजे आपण जिला चिनी माती म्हणतो त्या पांढऱ्या, लोहमुक्त मातीचे जाड थर आहेत, जवळच उच्च तापमान सोसणारी दुसरी चिकणमातीही मिळते, पाइनची जंगले आहेत आणि ओढ्यांना बारमाही पाणी आहे. या मातीकडे मानवाचे लक्ष फार पूर्वी गेले होते. सव्हाना नदीतील स्टॉलिंग्ज बेटावर सापडलेली, मातीत वनस्पतींचे तंतू मिसळून घडवलेली मूलनिवासींची भांडी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची असून उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुन्या भांड्यांत त्यांची गणना होते. युरोपीय व्यापाऱ्यांनाही या प्रदेशातील मातीची किंमत कळली होती, म्हणूनच इंग्लंडचा विख्यात कारखानदार जोसाया वेजवुड याने 1767 मध्ये थॉमस ग्रिफिथ्स नावाच्या माणसाला समुद्रापार पाठवून कॅरोलिनाच्या डोंगराळ चेरोकी मुलखातून पांढरी माती मागवली होती.

ॲबनर लँडरम हा एजफिल्ड भागातील डॉक्टर, शेतीवाडीचा मालक आणि पुस्तकांचा नादी माणूस होता, आणि वेजवुडचे त्याला इतके वेड होते की आपल्या एका मुलाचे नावही त्याने वेजवुड ठेवले. एजफिल्डच्या न्यायालयापासून सुमारे दीड मैलावर त्याने कुंभारकामाची वसाहत उभी केली. तिला आधी त्याच्याच नावावरून लँडरम्सव्हिल आणि पुढे पॉटर्सव्हिल, म्हणजे कुंभारवाडा, असे नाव पडले. वास्तुविशारद रॉबर्ट मिल्स याने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्याच्या वर्णनग्रंथात या वसाहतीत सोळा-सतरा घरे असल्याची नोंद केली, तिथली भांडी त्या जातीच्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकी भांड्यांपेक्षा मजबूत, चांगली आणि स्वस्त असल्याचे म्हटले आणि या यशाचे श्रेय लँडरमच्या कल्पक संशोधनाला दिले.

लँडरमच्या नावावर जमा होणारे संशोधन मुख्यतः लुकणाचे होते. लुकण म्हणजे भाजलेल्या भांड्यावर चढणारा काचेसारखा थर. एजफिल्डची भांडी स्टोनवेअर या प्रकारातली, म्हणजे सुमारे 1200 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला भाजल्यामुळे दगडासारखी घट्ट आणि पाणी न झिरपणारी असली, तरी आतला पदार्थ चिकटू नये आणि भांडे सहज धुता यावे म्हणून त्यांनाही लुकण लागत असे. त्या काळी दोन पद्धती प्रचलित होत्या. शिशाचे लुकण सोपे होते, पण आंबट वा खारट पदार्थात शिसे उतरून विषबाधा होते हे तोवर पुरेसे माहीत झाले होते. तापलेल्या भट्टीत मीठ टाकून त्याच्या वाफेने भांड्यावर काचेचा थर बसवण्याची जर्मन-इंग्रजी पद्धत निर्धोक होती, पण समुद्रापासून दूरच्या मुलखात मीठ महाग पडत असे. एजफिल्डमध्ये लाकडाची राख किंवा चुना, वाळू आणि माती पाण्यात कालवून त्यात भांडे बुडवण्याची तिसरी पद्धत रूढ झाली, तिला अल्कली लुकण म्हणतात, आणि तिच्यातून भट्टीतील धूर व हवेच्या प्रमाणानुसार शेवाळी हिरव्यापासून गडद तपकिरीपर्यंतच्या छटा निघत, कधी ओघळांसह. अशा राखेच्या लुकणाचा वापर चीनमध्ये दोन हजार वर्षे होत आला होता. जेझुइट धर्मप्रचारक दांत्रकोल याने चीनमधून 1712 आणि 1722 मध्ये लिहिलेल्या, चिनी कुंभारकामाचे बारकाईने वर्णन करणाऱ्या पत्रांचे मुद्रित रूप लँडरमच्या वाचनात आले असावे असा बहुतेक अभ्यासकांचा तर्क आहे, आणि त्याच्या वाचनवेडाकडे पाहता तो पटण्यासारखा आहे.

एवढी भांडी कोणाला हवी होती, या प्रश्नाचे उत्तर कापसात आहे. एली व्हिटनीच्या 1793 च्या सरकी काढण्याच्या यंत्रानंतर आखूड धाग्याच्या कापसाची लागवड दक्षिणेच्या आतल्या भागात झपाट्याने पसरली, तिच्याबरोबर गुलामांच्या वसाहती वाढल्या, आणि शेकडो माणसांना आठवड्याच्या शिध्यात द्यायचे खारवलेले डुकराचे मांस आणि चरबी उन्हाळ्यातही टिकवून ठेवण्यासाठी मळ्यांच्या मालकांना मोठाले रांजण लागू लागले. मराठी घरातल्या लोणच्याच्या बरणीचे काम हेच, पण तिथे माप शेरा-दोन शेरांचे नसून दहा, वीस आणि कधी चाळीस गॅलनांचे होते. एक अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर. एजफिल्डच्या रांजणांचा आकार हा निव्वळ कारागिराच्या हौसेचा भाग नव्हता, मळ्यावर खाणारी तोंडे किती यावर तो ठरत होता. याच जिल्ह्यातील बीच आयलंडचा मळेवाला जेम्स हेन्री हॅमंड याने 1858 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये कापूस हाच राजा आहे अशी घोषणा केली, तेव्हा त्या राजाच्या कोठारातली भांडी त्याच्या शेजारीच भाजली जात होती.

उद्योगाचे प्रमाण किती मोठे होते याचा भक्कम पुरावा 2011 मध्ये मिळाला. पॉटर्सव्हिलची भट्टी वीस-पंचवीस फुटांची असावी अशी समजूत होती. इलिनॉय विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केल्यावर भट्टीची लांबी 105 फूट निघाली. उतारावर लांबट बोगद्यासारखी बांधलेली, खालच्या तोंडाशी जाळ करून वरच्या टोकाने धूर सोडणारी अशी भट्टी दक्षिण चीनमध्ये ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणून ओळखली जाते, आणि त्या लांबीची रचना अमेरिकेत आढळणे ही अभ्यासकांना अनपेक्षित गोष्ट होती. 105 फुटांच्या भट्टीत एका वेळी हजारो भांडी रचावी लागत, त्यासाठी महिनोन्‌महिने माती खणून, खेचराने फिरवायच्या घाण्यात मळून, चाकावर घडवून, सावलीत वाळवून भांडी तयार ठेवावी लागत, पाइनचे लाकूड तोडून, चिरून, सुकवून त्याच्या थप्प्या लावाव्या लागत आणि भट्टी पेटल्यावर रात्रंदिवस जाळ घालणाऱ्यांच्या पाळ्या लागत. सोळा-सतरा घरांच्या वाडीत हे काम कोणी केले असेल, याचा विचार मिल्सचे वर्णन वाचणाऱ्यांनी बराच काळ केला नाही.

त्या राबणाऱ्यांपैकी एकाने स्वतःचे नाव मागे ठेवले. 1818 च्या एका गहाणखतात, लँडरमच्या नात्यातला आणि व्यवसायातला भागीदार हार्वी ड्रेक याच्या मालमत्तेत, सुमारे सतरा वर्षांचा, ‘देशातच जन्मलेला’, म्हणजे आफ्रिकेतून आणलेला नव्हे असा, डेव्ह नावाचा मुलगा नोंदलेला आहे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ड्रेक, गिब्ज, लँडरम आणि माइल्स अशा, एकमेकांत सोयरिकी असलेल्या कुटुंबांच्या हातांतून त्याची मालकी फिरत राहिली. लँडरमने 1830 मध्ये ‘एजफिल्ड हाइव्ह’ नावाचे वृत्तपत्र काढले होते, राज्याला केंद्राचे कायदे झुगारण्याचा हक्क आहे असे म्हणणाऱ्या तत्कालीन चळवळीला त्याचा विरोध होता, आणि या छापखान्यात खिळे जुळवताना डेव्ह अक्षरे शिकला असे स्थानिक परंपरा सांगते. तो कुठेही शिकलेला असो, त्याला लिहिता येत होते आणि ते लपवण्याची त्याची इच्छा नव्हती, एवढे भांड्यांवरून सिद्ध होते.

दक्षिण कॅरोलिनात गुलामांना लिहायला शिकवण्यावर बंदी 1740 पासूनच होती; आदल्या वर्षीच्या स्टोनो नदीकाठच्या उठावाने घाबरलेल्या विधिमंडळाने केलेल्या कायद्यात लेखनासाठी शंभर पौंडांचा दंड होता, वाचनाचा मात्र उल्लेख नव्हता, कारण बायबल वाचणे पुण्यप्रद मानले जाई. 1822 मध्ये चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हीसीचा कट उघडकीस आला, 1831 मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरचा उठाव झाला, आणि डिसेंबर 1834 मध्ये राज्याने वाचन आणि लेखन दोन्ही शिकवणे गुन्हा ठरवला: शिकवणारा गोरा असेल तर शंभर डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, मुक्त कृष्णवर्णीय असेल तर पन्नास फटक्यांपर्यंत आणि पन्नास डॉलर दंड, गुलाम असेल तर पन्नास फटक्यांपर्यंत. डेव्हच्या हातच्या, तारखेसह दोन ओळी कोरलेल्या ज्ञात भांड्यांपैकी सर्वांत जुने भांडे त्याच वर्षाच्या जुलैमधले आहे. कायदा आल्यावर त्याने कोरणे बंद केले नाही, मात्र 1840 च्या दशकात या ओळी जवळजवळ थांबतात आणि 1857 मध्ये, त्याचा मालक लुइस माइल्स याच्या स्टोनी ब्लफ कारखान्यात, पुन्हा जोमाने सुरू होतात. मालकांनी त्याला अडवले नाही हे उघड आहे, पण त्याचे कारण उदारपणा की विक्रीचा हिशेब, हे ठरवण्याच्या मोहात पडणाऱ्या लेखकांनी कागदपत्रांपेक्षा कल्पनेवर जास्त भर दिला आहे.

त्याच्या काव्यपंक्ती सुमारे चाळीस भांड्यांवर आढळतात. नुसती सही वा तारीख असलेली भांडी याहून कितीतरी जास्त आहेत. ओल्या मातीवर, लुकण चढवण्यापूर्वी, टोकदार काडीने रांजणाच्या खांद्यावर तो दोन यमकबद्ध ओळी कोरत असे, शेजारी तारीख, माइल्सच्या नावाची आद्याक्षरे आणि बहुधा स्वतःचे नाव. विषय साधेही असत, जसे रांजणात किती मावेल आणि त्यात काय ठेवावे. कधी बायबलचे, कधी 4 जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या ढोल-बासरीचे. आणि 1857 च्या एका रांजणावर ताटातूट झालेल्या नातलगांचा प्रश्न थेट येतो. भांड्यावर काव्य लिहिण्याची परंपरा नवी नव्हती. उर्बिनोचा मायोलिका चित्रकार फ्रान्चेस्को झान्तो अवेल्ली हा 1530 च्या दशकात आपल्या ताटांवर पूर्ण सही करी आणि चित्राचा विषय सांगणाऱ्या, कित्येकदा पेत्रार्काच्या कवितेवरून घेतलेल्या ओळी लिही. मायोलिका म्हणजे कथिलमिश्रित पांढऱ्या लुकणावर रंगवलेली भांडी. झान्तो स्वतःला कवी म्हणवत असे, उर्बिनोच्या ड्यूकच्या स्तुतीपर सुनीते रचत असे, आणि तरीही त्याचे लेखन ताटाच्या मागच्या बाजूला राही. डेव्हचे लेखन कोठारात शिरणाऱ्या कोणालाही समोरच दिसे.

कुंभार म्हणूनही त्याचा दर्जा वरचा होता, ही गोष्ट काव्याच्या कौतुकात मागे पडते. वीस गॅलनांच्या वरचा रांजण एका गोळ्यातून चाकावर उचलता येत नाही. हात आत तेवढा पोचत नाही आणि ओली भिंत स्वतःच्या वजनाने बसते. म्हणून तळाकडचा भाग चाकावर घडवून, तो थोडा सुकल्यावर वर जाड वळ्या रचत, प्रत्येक वळी चाक हळू फिरवत खालच्या भिंतीत जिरवत, खांदा आत वळवून तोंड बांधावे लागे, आणि कुठे घाई झाली तर तडा भट्टीतच कळे. डेव्हच्या रांजणांचे खांदे रुंद, तोंडाच्या कडा जाड आणि खांद्यालगतचे आडवे कान दोन माणसांनी भरलेला रांजण उचलावा इतके दणकट असतात. 13 मे 1859 ही तारीख असलेले दोन रांजण त्याच्या ज्ञात कामातले सर्वांत मोठे आहेत. चाळीस गॅलनांहून अधिक, म्हणजे दीडशे लिटरपेक्षा जास्त मावणारे. त्यांवर डेव्हबरोबर बॅडलर या दुसऱ्या कारागिराचे नावही कोरलेले आहे. डेव्हचा एक पाय तुटला होता आणि हात नसलेला हेन्री नावाचा दुसरा गुलाम त्याचे चाक पायाने फिरवत असे अशी आठवण गावात सांगितली जाई, पण ती खरी असो वा नसो, एवढा रांजण एकट्या माणसाचे काम नाही हे बॅडलरचे नाव स्वच्छ सांगते.

त्याच सुमारास या परिसरात आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर अमेरिकेत 1808 पासून बंदी होती, तरी 28 नोव्हेंबर 1858 रोजी ‘वाँडरर’ नावाचे शर्यतीचे गलबत जॉर्जियाच्या जेकिल बेटावर काँगो नदीच्या प्रदेशातून आणलेल्या सुमारे चारशे जिवंत माणसांना उतरवून गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना नदीमार्गे एजफिल्ड भागात नेले गेले. यानंतरच्या काळात इथल्या भट्ट्यांतून मानवी चेहऱ्याचे लहान चंबू निघू लागले: गडद लुकणाच्या मातीत केओलिनचे पांढरे डोळे आणि दात बसवलेले, वीतभर उंचीचे, कोणाच्या कोठारात उपयोगी नसलेले. काँगो परंपरेत पांढरी माती मृतांच्या लोकाशी निगडित असते आणि शक्तिसंपन्न मानलेल्या वस्तूंत, ज्यांना ‘न्किसी’ म्हणतात, चमकणारे डोळे बसवले जातात. या चंबूंचे नाते तिथे लावले जाते. मृत्तिकाकलेचा इतिहासकार एडविन ॲटली बार्बर याला त्यांची माहिती पुढे बाथ येथील ‘पाल्मेटो फायरब्रिक वर्क्स’चा मालक थॉमस डेव्हिस याने दिली, आणि कारागिरांनी ते फावल्या वेळात स्वतःसाठी केले होते असे त्याने नमूद केले.

डेव्हिसचा तो कारखाना 1862 मध्ये, यादवी युद्ध सुरू असताना उभा राहिला. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली होती, परदेशी कपबशा येणे थांबले होते, म्हणून तिथे दक्षिणेच्या सैन्याच्या रुग्णालयांसाठी साधी भांडी घडवली जाऊ लागली. याच नाकेबंदीमुळे अमेरिकी कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत 1865 पर्यंत सट्ट्याचा तो प्रसिद्ध उधाणकाळ चालला. डेव्हच्या ओळी कोरलेले शेवटचे ज्ञात भांडे 1862 मधले आहे.

1870 च्या जनगणनेत डेव्हिड ड्रेक, वय सत्तर, व्यवसाय ‘टर्नर’, म्हणजे चाकावर घडवणारा, अशी नोंद सापडते. स्वतंत्र झाल्यावर त्याने पहिल्या मालकाचे आडनाव घेतले होते. 1880 च्या जनगणनेत तो नाही. दरम्यान 1 जून 1873 ही प्रस्तावनेची तारीख असलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीराव फुले यांनी, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि ज्या बहुजनांना अक्षरांपासून दूर ठेवले गेले त्यांच्याविषयी ते पुण्यात लिहीत असताना एजफिल्डमध्ये मुक्तीचा उलटा प्रवास सुरू झाला होता. जुन्या एजफिल्ड जिल्ह्यातल्या हँबर्ग गावात 8 जुलै 1876 रोजी कृष्णवर्णीय रक्षकदलाच्या लोकांना पकडून ठार मारण्यात आले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर राज्याची सत्ता पुन्हा गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हाती गेली. कारखाने काही काळ चालू राहिले, पण फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे स्वस्त झाल्यावर रांजणांना गिऱ्हाईक उरले नाही. तोवर इथले कुंभार आणि त्यांचे राखेचे लुकण जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी असे पश्चिमेकडे सरकत टेक्सासपर्यंत पोचले होते.

आज एजफिल्डला जाणाऱ्याला चौकात 1839 चे न्यायालय आणि या गावात जन्मलेल्या, वर्णविभाजनाचा दीर्घकाळ कैवार घेतलेल्या सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांचा पुतळा दिसतो. ज्याने 1856 मध्ये सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी चार्ल्स सम्नर याला काठीने बेदम मारले तो प्रेस्टन ब्रूक्सही इथलाच, आणि दहा राज्यपाल दिल्याचा अभिमान गाव बाळगते. कुंभारांकडे लक्ष जाण्यास वेळ लागला. 13 मे 1859 च्या रांजणांपैकी एक चार्ल्स्टन संग्रहालयात 1919 मध्येच आला होता, पण डेव्हच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन कोलंबियाच्या मॅकिसिक संग्रहालयात 1998 मध्ये झाले आणि त्याच्या मालकांच्या वंशातील लिओनार्ड टॉड यांनी लिहिलेले चरित्र 2008 मध्ये आले. सप्टेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुरू होऊन पुढे बोस्टन, ॲन आर्बर आणि अटलांटाला गेलेल्या प्रदर्शनाने पहिल्यांदा एजफिल्डचा सगळा उद्योग कृष्णवर्णीय कुंभारांचा म्हणून मांडला. त्याच्या आदल्या वर्षी डेव्हचा एक रांजण आर्कान्सॉमधील क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयाने 15 लाख 60 हजार डॉलरना विकत घेतला होता. या किमतीतला वाटा घडवणाऱ्याच्या वारसांना का नाही हा प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारला जाऊ लागला, आणि 2025 मध्ये बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आपल्याकडील, 1857 मध्ये घडवलेल्या, दोन रांजणांची मालकी डेव्हिड ड्रेकच्या वंशजांकडे सोपवली. त्यांतला एक वंशजांनी संग्रहालयाकडे उसना ठेवला आहे आणि दुसरा संग्रहालयाने त्यांच्याकडून रीतसर पैसे मोजून पुन्हा विकत घेतला.